विरोधी माहिती

आम्ही तो घटक शोधतच नव्हतो. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

सोलापुरात होटगी रस्त्यावर आमची प्रयोगशाळा आहे. परदेशी जाणारी डाळिंबं आणि द्राक्षं आमच्याकडे येतात आणि फवारलेल्या औषधांचा अंश त्यांच्यात किती राहिलाय ते आम्ही मोजतो. कुठली औषधं शोधायची याची यादी ठरलेली असते. जे विचारलं नाही त्याचं उत्तर यंत्र देत नाही. फेब्रुवारीत सांगोल्याच्या एका डाळिंब गटाचा कंटेनर निघाला, तेव्हा त्यातल्या सहा बागांचे सहा नमुने मीच तपासले होते. सहाही साफ. अहवालाखाली सही माझी, प्रियदर्शनी बिरप्पा गडदे.

मार्चच्या शेवटी तो कंटेनर परदेशातल्या बंदरावर अडला. तिथल्या प्रयोगशाळेला एका पेटीत अमिट्राझ सापडलं. त्या देशाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, पेटीत होतं ०.११. त्यांनी नुसता कंटेनर अडवला असता तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी गटाचा नोंदणी क्रमांकच गोठवला. कंटेनरमध्ये फळं सहा बागांची होती, गटात बागा अडतीस. क्रमांक एकच असल्यामुळे अडतीसही बागांना त्या देशाचं दार बंद झालं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी गटाचे अध्यक्ष महिपती अण्णा आणि सचिव अजिंक्य प्रयोगशाळेत आले. अण्णा साठीतले, आमच्या गावाशेजारचे मोठे बागायतदार. त्यांच्या रानात माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं वीस वर्षं लेंडीखतासाठी बसतायत. मी सोलापुरात शिकायला आले, तेव्हा वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून सही अण्णांनीच केली होती. अजिंक्य तिशीतला, शेतीची पदवी घेतलेला आणि दोन फोन वापरणारा.

"अमिट्राझ," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले. "मी आधी म्हणलं, ही कुठली नटी? अडतीस बागायतदारांना विचारलं. एकानं सुदिक हे नाव ऐकलेलं न्हाय. औषधाच्या दुकानदाराला विचारलं, त्यो म्हणतोय डाळिंबाला असलं काय मारतच न्हाईत."

"म्हणजे त्यांचा रिपोर्ट बोगस," अजिंक्य म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा माल त्यांना घ्यायचाय. आपला अडवायला कारण पाहिजे. सरळ ट्रेड बॅरियर आहे की हा."

मग त्याने पिशवीतून चाळीस पानांचा गठ्ठा काढला. वर लिहिलं होतं, 'विदेशी व्यापार अडथळे विधेयक, मसुदा'. दुसरा देश आपला माल अन्यायाने अडवत असेल तर उत्पादकांनी सरकारकडे अर्ज करायचा, सरकारने नव्वद दिवसांत चौकशी करायची, त्या देशाला जाब विचारायचा, आणि त्याने ऐकलंच नाही तर त्याच्या मालावर उलट कारवाई करायची, असा तो कायदा होणार होता. मसुद्यावर लोकांची मतं आणि खरी उदाहरणं गोळा करायला दिल्लीहून एक पथक शुक्रवारी सोलापुरात येणार होतं. टॉवेलवाले त्यांची तक्रार मांडणार होते, डाळिंबवाले आपली.

"चांगलं उदाहरण मिळालं तर पथक ते थेट मंत्रालयात घेऊन जाणार," अजिंक्य म्हणाला. "आपली केस एकदम क्लीन आहे. फक्त टेक्निकल जोडपत्र पाहिजे. ते तुम्ही लिहायचं, मॅडम."

"मॅडम काय रे," अण्णा म्हणाले. "बिरप्पाची पोर हाय ती. लिवती की. पुढचा बहार धरायच्या आत क्रमांक सुटला पायजे, पोरी. अडतीस घरं वाट बघत्यात."

मी हो म्हटलं. मसुदा ठेवून घेतला. ते गेल्यावर कामाला बसले आणि अर्ध्या तासात तीनदा उठले.

मला एक गोष्ट टोचत होती. एखादी प्रयोगशाळा खोटं लिहायचं ठरवते तेव्हा ओळखीचं नाव लिहील. डाळिंबावर रोज फवारली जाणारी वीस औषधं आहेत, त्यातलं कुठलंही लिहिलं असतं तर कुणी वाद घातला नसता. जे डाळिंबाला कुणीच मारत नाही, ते नाव ते कशाला शोधून काढतील?

तपासलेल्या प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आम्ही उणे वीस अंशांवर नव्वद दिवस ठेवतो. त्या दिवशी सत्तरावा दिवस होता. खालच्या मजल्यावर दुधाचा विभाग आहे. जनावरांना दिलेली औषधं दुधात उतरतात का हे तिथे बघतात, आणि त्यांच्याकडे अमिट्राझचं प्रमाणद्रव्य, म्हणजे मोजताना तुलनेला लागणारं शुद्ध औषध, होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विभागप्रमुखांना विचारलं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि सहाही पिशव्या बाहेर काढल्या.

अमिट्राझ फळावर जसंच्या तसं टिकत नाही. ते तुटतं आणि त्याचे तुकडे उरतात, त्यामुळे तुकडे धरून मोजावं लागतं. मंगळवारी दुपारी आकडे आले. पाच बागांमध्ये काही नाही. सहावीत ०.०९. मी तोच नमुना पुन्हा लावला. ०.०९. तिसऱ्यांदा ०.१०.

सहावी बाग महिपती अण्णांची होती.

दुधाच्या विभागातली सहकारी प्रमाणद्रव्याची कुपी परत न्यायला आली. "हे गोचिडाचं औषध ना?" ती सहज म्हणाली. "आमच्या घरी म्हशींना मारतात. काय घाण वास येतो."

मी कुपीचं झाकण उघडलं. असं करू नये, पण उघडलं. नाकाला तो वास लागताच मी पाचवीत होते, मेंढरांच्या मागे उभी, वडील एकेक मेंढरू पायांत धरून भिजवतायत आणि मी पुढचं ढकलतेय. वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या खोलीतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या पिशवीला मेंढरांचा वास येतो. मलाही तसंच वाटायचं. तो वास मेंढरांचा नव्हता. औषधाचा होता.

मी गच्चीवर गेले आणि आईला फोन लावला.

"आये, जानेवारीत मेंढरं कुटं बसवली हुती?"

"अण्णाच्या रानात की. बागंच्या कडंला. बारा दिस." मग तिचा आवाज बदलला. "का गं? काय झालं?"

"गोचीड झाली हुती का?"

"लई. कानामागं नुसती चिकटलेली. आबांनी औषध मारलं की समद्यांला."

"कशानं?"

"पंपानं. आपला मोडलाय न्हवं का. अण्णाचाच आणला हुता."

बुधवारी मी रजा टाकली आणि मंगळवेढ्यामार्गे सांगोल्याची बस धरली. बसायला जागा होती तरी बराच वेळ उभीच राहिले. मसुदा पिशवीत होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तो पूर्ण वाचला होता, आणि सातव्या कलमातलं तिसरं उपकलम डोक्यातून जात नव्हतं: अर्जदाराने आपल्या म्हणण्याला विरोधी जाणारी, पण आपल्याला ज्ञात असलेली माहितीही अर्जासोबत जोडावी. मंगळवारी दुपारपर्यंत मला ती ज्ञात नव्हती. कुणी विचारलं नसताना मीच ती ज्ञात करून घेतली होती.

आबा माळावर होते. एप्रिलच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. मला अवेळी बघून आबा आधी घाबरले, मग हसले.

"नोकरीवरनं काढलं का काय?"

"न्हाय आबा. एक विचारायचं हाय. अण्णाचा पंप परत दिला तवा धुतला हुता का?"

"वरनं पुसला की. चिखूल हुता."

"आतनं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतेय का हे त्यांना ठरवायचं होतं. "आतनं कशाला? आत औषध ठिवलं हुतं."

"किती?"

"असंल की लिटरभर. उसनं भांडं रिकामं परत देत्यात व्हय? अण्णाच्या गाईच्या कानामागं गोचीड बघितली हुती मी. म्हणलं, तेवढ्यात दोन गाया हुतील."

आमच्याकडे शेजारणीची पातेली परत जाते तेव्हा तिच्यात मूठभर शेंगा तरी असतात. नाहीच काही तर साखरेची चिमूट. रिकामं भांडं परत देणं म्हणजे नातं तोडणं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पंप हे भांडं आहे, हे मला कधी सुचलं नसतं.

"अण्णाला सांगितलं का, आत औषध हाय म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? दिलेलं बोलून दाखवावं का? झाकण उघडलं की कळतं की." मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "का? गाय मेली का?"

"न्हाय. गाय बरी हाय."

मी तिथेच खाली बसले आणि वहीत गणित मांडलं. साडेबारा टक्क्यांचं औषध, लिटर पाण्याला दोन मिली. म्हणजे लिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅम. असं लिटरभर सोळा लिटरच्या टाकीत राहिलं आणि वरून पाणी भरलं, तर लिटरला सोळाच्या आसपास. फवारणी केल्यावर किलोभर फळावर दहा मिली पाणी थांबतं असं धरलं तर ०.१६. पंप परत दिल्यापासून फळं तोडेपर्यंतच्या सतरा-अठरा दिवसांत त्यातलं साधारण अर्धं गेलं. उत्तर इतकं जवळ आलं की क्षणभर मला आनंद झाला. मान वर केली तर आबा माझ्याकडे बघत होते, आणि मला त्या आनंदाची लाज वाटली.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कंटेनर, क्रमांक, अडतीस बागा. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हंजी माझ्यामुळं," शेवटी ते म्हणाले.

"तसं न्हाय, आबा."

"मग कसं?" ते मेंढरांकडे बघत होते. "ह्ये बाहेर कळलं, तर एक तरी बागवाला रानात बसू देईल का गं मेंढरं? दोनशे जितराब घिऊन मी कुटं जाऊ?"

आमच्या भागात मेंढरं बसवायला रान मिळणं म्हणजे कळपाचे चार महिने निघणं. बागवाल्याला लेंडी मिळते, मेंढक्याला चारा, पाणी आणि उभं राहायला जागा. पाऊस नसतो तेव्हा हिरवं जे काही आहे ते बागांच्या बांधावरच असतं. आबांनी विचारलं ते खरं होतं.

मी अण्णांच्या बागेकडे चालत गेले. दोन किलोमीटरचं अंतर मी एवढ्या वेगाने काटलं की पोचल्यावर बोलायला दम नव्हता. अजिंक्य तिथेच होता. शेडमध्ये टेबलावर छापलेला अर्ज ठेवून दोघं वाचत होते. पहिल्याच परिच्छेदात होतं: 'सदर औषध आमच्या गटातील कोणत्याही बागेत कधीही आलेले नाही.'

"अण्णा, पंप कुटं हाय?" मी विचारलं.

पंप कोपऱ्यात होता. पांढरी टाकी, निळं झाकण. मी झाकण काढून आत नाक घातलं. तीन महिन्यांनीही रबराच्या चकतीत वास होता. मी पंप अण्णांपुढे धरला.

"ह्यो वास जानेवारीत आला हुता का?"

अण्णांनी वास घेतला. "आला हुता की. बिरप्पानं पंप दिल्यावर. म्हणलं मेंढरांचा वास हाय." ते थांबले. "कॅल्शियम मारलं हुतं दुसऱ्या दिशी. पूर्वंकडच्या दोन ओळी. फळं तडकत हुती."

"आत थोडं पाणी हुतं का आधीचं?"

"हुतं. म्हणलं धुतल्यालं राहिलं असंल. त्यावरच भरला."

"ते पाणी नव्हतं. गोचिडाचं औषध हुतं. आबांनी तुमच्या गायीसाठी ठिवलं हुतं. तेच अमिट्राझ."

अण्णांनी टाकीत वाकून बघितलं. मग एकदम म्हणाले, "आणि मी सांगत फिरतोय, आमच्याकडं नावबी ठावं न्हाय."

"थांबा थांबा," अजिंक्य उठला. "राखीव नमुना तपासायला सांगितलं कुणी? आम्ही जोडपत्र मागितलं होतं, शोध नव्हता मागितला."

"कुणी नाही सांगितलं."

"मग कुणाला माहीत आहे?"

"विभागप्रमुखांना. रजिस्टरला. मला. आता तुम्हाला."

"रजिस्टर कोण बघतंय? अहो, आपण म्हणजे गुन्हेगार नाही. एका पंपाची चूक. तेवढ्यासाठी त्यांनी अडतीस बागा बंद केल्यात, तो अन्याय आहे की नाही?"

"आहे," मी म्हणाले. "पण आपण अर्जात तो अन्याय लिहिलेलाच नाही. आपण लिहिलंय, औषध नव्हतंच. सरकार त्यांना जाब विचारायला गेलं आणि त्यांनी आपली पेटी पुन्हा तपासून दाखवली, तर पहिल्याच दिवशी सरकारचं तोंड बंद. मग पुढच्या माणसाचं खरं असलं तरी कोण ऐकेल? आणि कलम सात-तीन वाचा. विरोधी माहिती जोडायचीय."

"तो मसुदा आहे, कायदा नाही अजून."

"मग उदाहरण तरी कशाला देताय त्याला?"

अजिंक्यने हात उडवले आणि शेडच्या दारापर्यंत जाऊन परत आला. "अण्णा, तुमच्या बागेचं काय होईल माहितीये ना? गटाचा क्रमांक सुटेल न सुटेल, तुमचा प्लॉट दोन हंगाम तरी बाहेर. अध्यक्षाचाच प्लॉट."

अण्णांनी पंपाचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी मला म्हणाले, "तुला जे दिसलं ते लिव. पर बिरप्पाचं नाव कशाला?"

मला तेच हवं होतं. कुणीतरी तसं म्हणावं, याचीच मी वाट बघत होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, प्रयोगशाळेत बसून मी जोडपत्र लिहिलं. सहा नमुन्यांचे आकडे, पद्धत, तीनदा केलेली मोजणी, सगळं. आणि शेवटी एक वाक्य: 'सदर घटकाचा स्रोत निश्चित करता आलेला नाही.' तांत्रिक लिखाणात हे वाक्य हजारदा येतं. त्यात खोटं असं काही सापडत नाही. मी ते टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, आणि छापायला दिलं.

शुक्रवारी सुनावणी रेल्वे लाइन्स भागातल्या एका सभागृहात होती. पंखे फिरत होते पण हवा गरमच येत होती. अण्णा गाडीतून आले तेव्हा त्यांच्यामागून आबा उतरले. डोक्याला स्वच्छ पटका, हातात काठी नाही, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"म्हणला, मलाबी यायचंय," अण्णा मला हळूच म्हणाले. "मी काय न्हाय म्हणू?"

आमच्या आधी टॉवेलवाल्यांचा नंबर होता. विरुपाक्ष नावाचे एक वयस्कर कारखानदार मराठी आणि तेलुगू मिसळून रंगांच्या चाचण्यांबद्दल वीस मिनिटं बोलले. आबा मागच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसून एकेक शब्द समजल्यासारखे ऐकत होते. मी तेवढ्या वेळात जोडपत्राचा कोपरा दुमडून दुमडून फाडला.

पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या, नागपूरकडच्या, मराठीतच विचारत होत्या. अजिंक्यने अर्ज वाचायला सुरुवात केली, पण बाईंनी आधी जोडपत्र उघडलं. चष्मा वर केला.

"हे तुम्ही स्वतः जोडलंत? तुमच्याच विरुद्ध आहे."

"कलम सात-तीन," मी म्हणाले.

"ते कलम राहील की नाही यावर आमच्यातच वाद चाललाय. कोण जोडणार, म्हणतात." त्यांनी पान उलटलं. "पाच साफ, एकात सापडलं. बरं. मग हे औषध आलं कुठून? इथे लिहिलंय, निश्चित नाही."

मी उभी होते. तोंड उघडलं तर काय येईल ते मला ठाऊक नव्हतं. मागे वळून बघितलं. आबांना वाटलं, मी उत्तर विसरले. शाळेत फळ्यापुढे अडकले की ते खिडकीबाहेरून जशी मान हलवायचे, 'सांग की, येतंय तुला', तशीच त्यांनी मान हलवली.

"माहीत आहे, मॅडम," मी म्हणाले. "मी चुकीचं लिहिलंय."

आणि मी सांगितलं. मेंढरं, गोचीड, पंप, रिकामं भांडं परत न देण्याची रीत, लिटरभर औषध, दोन ओळी. नाव सांगताना म्हणाले, "बिरप्पा गडदे. माझे वडील. मागे बसलेत." सभागृहातल्या माना वळल्या. आबा उठून उभे राहिले. उठायचं असतं की नाही ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"पंप माझा हाय," अण्णा मोठ्याने म्हणाले. त्यांची पाळी नव्हती. "भरायच्या आधी रिकामा करायचा, हे काम माझं हुतं. वास आला तवा इचारायचं, त्ये बी माझंच काम. मी इचारलं न्हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांची चाचणी बरोबर होती. तुमची तक्रार काय उरली?"

अजिंक्य माझ्याकडे बघत होता. मला राग दिसेल असं वाटलं होतं, पण त्याचा चेहरा नुसता घामाने भिजलेला होता. त्याने अर्ज उचलला, खिशातून पेन काढलं आणि पहिल्या दोन परिच्छेदांवर आडव्या रेघा मारल्या. मग उरलेलं वाचायला लागला. आवाज आधी अडखळला, मग सुटला.

"कंटेनरमध्ये सहा बागा. पाच साफ, त्याचे आकडे जोडलेत. बत्तीस बागांचा माल त्यात नव्हताच. पेटीवर बागेचा क्रमांक असतो, एक बाग वेगळी काढता आली असती. तरी बंदी अडतीसांवर. फेरतपासणी मागून सव्वीस दिवस झाले, उत्तर नाही. दार कधी उघडणार, कशानं उघडणार, हे कुठंही लिहिलेलं नाही. चूक एकाची आम्ही मान्य करतो. सदतीस जणांनी काय मान्य करायचं ते त्यांनी सांगावं."

बाईंनी लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. "प्रमाणाबाहेरची बंदी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आमच्याकडे बघून, "हे अडथळ्याच्या व्याख्येत बसतं की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. व्याख्याच अजून पक्की नाही. पण खोडलेल्या जागी सह्या करा आणि प्रत द्या. हे मी घेऊन जाते." त्यांनी जोडपत्र पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. "आणि ते वाक्य बदला."

मी 'निश्चित करता आलेला नाही' खोडून वर हाताने लिहिलं आणि सही केली.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आम्ही चौघं कडुलिंबाखालच्या रसवंतीवर थांबलो. अजिंक्यचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले होते. गटाच्या सदस्यांना कुणीतरी आतूनच कळवलं होतं. त्याने एक निरोप वाचला, दुसरा वाचला, आणि फोन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी वाचून तो आबांपासून लांब धरला.

"वाचा की मोठ्यानं," आबा म्हणाले. "मेंढरांचंच असणार."

"दोघं म्हणत्यात, औंदा बसवायची न्हाईत," अण्णा म्हणाले. "हरिबा म्हणतोय, आधी बघू."

आबांनी मान हलवली. रसाचा पेला दोन्ही हातांनी धरून ते रस्त्यापलीकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, दुचाक्या आणि एक बंद दुकान.

"माझं रान हाय," अण्णा म्हणाले. "दोन हंगाम फळ बाहेर जायचं न्हाय. लेंडी तर पायजेच की. आणि जाताना बाजारात थांबू. पंप घिऊन देतो तुला, मेंढरांचा येगळा. त्यो उसना न्हाय, तुझाच."

"मग परत द्यायचा न्हाय?"

"न्हाय."

"मग भानगडच मिटली," आबा म्हणाले. पण ते हसले नाहीत, आणि अण्णाही. एका रानावर चार महिने निघत नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

अजिंक्य फोनवर कुणाला तरी समजावत लांब गेला होता. त्याचे तेवढेच शब्द ऐकू येत होते: "पंप, अहो पंप. मेंढरं नाहीत, पंप धुवायचा होता." मी घड्याळ बघितलं. राखीव नमुने टाकून द्यायला सोळा दिवस उरले होते. ते टाकू नयेत असं पत्र आजच द्यायला हवं होतं. यादीत एक नाव वाढवायला हवं होतं. माझा पाय आपोआप हलत होता, आणि मी तो दोनदा थांबवला.

"पिरी," आबा म्हणाले. "त्या देशात मेंढरं हायत का?"

"हायत की. लई."

"मग तितं गोचीड झाली, तर त्ये लोक काय मारत्यात?"

मला माहीत नव्हतं. मोजलेलं नव्हतं, वाचलेलं नव्हतं, एवढ्या दिवसांत मनातही आलं नव्हतं.

"बघून सांगते," मी म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या फोन काढला.